गच्चीवरचा कॅमेरा आणि सुबह सादिक

रमजानमध्ये सेहरी कधी थांबवायची, हे आज घरोघरी भिंतीवरचे टाइमटेबल किंवा मोबाइल सांगतो. कुरआनने मात्र सूरह बकरामध्ये (आयत १८७) ही वेळ आकाशाशी जोडली आहे. रात्रीच्या काळ्या धाग्यापासून पहाटेचा पांढरा धागा वेगळा दिसू लागला, की रोजा सुरू. हा धागा आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? आमच्या मुलांना फज्रची वेळ मिनिटासह पाठ असते. ती येते कुठून, हे सांगता येत नाही. ते दाखवणारे एक साधन घरीच तयार करता येते : रात्रभर सगळे आकाश टिपणारा कॅमेरा.

खोटी पहाट, खरी पहाट

पहाटेचा उजेड दोन प्रकारचा असतो. आधी येते ती सुबह काझिब. पूर्वेला उभा, निमुळता, फिकट पट्टा दिसतो. अरबीत त्याला लांडग्याच्या शेपटीची उपमा आहे. ग्रह फिरतात त्या पातळीत सूर्याभोवती पसरलेल्या धुळीवर सूर्यप्रकाश पडतो, त्याचा हा उजेड. नंतर येते सुबह सादिक. ती क्षितिजालगत आडवी पसरते आणि वाढतच जाते.

सूर्य क्षितिजाखाली सुमारे १८ अंशांवर असताना पहाट सुरू होते, असे अल्-बेरूनी यांनी नोंदवले होते. आजही मुस्लिम वर्ल्ड लीग आणि कराची विद्यापीठाच्या पद्धती १८ अंश धरतात, तर उत्तर अमेरिकेतील ‘इस्ना’ची पद्धत १५ अंश. महाराष्ट्रात या तीन अंशांचा फरक साधारण १३ मिनिटांचा होतो. दोन ॲपमध्ये फज्रची वेळ वेगळी दिसते, त्यामागे बहुधा हेच असते. यावरून घरात किंवा मोहल्ल्यात वाद घालण्याआधी एवढे माहीत असलेले बरे.

कॅमेरा कसा बनवावा?

‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक, त्याचा १२ मेगापिक्सेलचा ‘एचक्यू’ कॅमेरा आणि १८० अंश पाहणारी फिशआय लेन्स घ्यावी. हे सर्व वायरिंगच्या दुकानात मिळणाऱ्या वॉटरप्रूफ प्लास्टिक बॉक्समध्ये बसवून वर पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट लावावा. सांधे सिलिकॉनने बंद करावेत आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. थंडीत घुमटावर दव धरते. त्यासाठी लेन्सभोवती काही रेझिस्टर गोलाकार जोडून हलकी ऊब देतात. ‘ऑलस्काय’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पावसाळ्यात कॅमेरा उतरवून ठेवणेच चांगले.

पहाट टिपायची असेल, तर एक गोष्ट विसरू नये. ऑटो मोडमध्ये उजेड वाढला की कॅमेरा स्वतःच एक्स्पोजर कमी करतो. मग सगळे फोटो सारखेच दिसतात आणि पहाट हरवते. म्हणून फज्रच्या दोन तास आधीपासून एक्स्पोजर आणि गेन कायम ठेवावा. प्रत्येक फोटोची मधली पट्टी कापून शेजारी शेजारी लावली, की ‘किओग्राम’ तयार होतो. ही पट्टी पूर्व-पश्चिम येईल असा कॅमेरा फिरवला, तर संपूर्ण रात्र एका चित्रात मावते आणि अंधार कुठे फिका होऊ लागला ते मुलांना बोटाने दाखवता येते.

शेजाऱ्याचा हक्क

फिशआय लेन्सला शेजारची गच्ची आणि खिडक्याही दिसतात. सूरह हुजुरातमध्ये (आयत १२) तजस्सुस, म्हणजे दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींत डोकावणे, मना केले आहे. म्हणून लेन्सभोवती काळ्या पुठ्ठ्याची कड लावून घरांची बाजू झाकावी, पूर्वेचे क्षितिज तेवढे मोकळे ठेवावे. शेजाऱ्यांना आधी सांगावे, जमल्यास चित्रेही दाखवावीत.

शहरातल्या दिव्यांत सुबह काझिब दिसत नाही आणि सुबह सादिकही उशिरा जाणवते. म्हणून या चित्रांवरून कोणी स्वतःचे टाइमटेबल बनवू नये. सेहरी आणि नमाजसाठी आपल्या मशिदीची वेळच पाळावी, शंका असल्यास उलेमांना विचारावे. कॅमेऱ्याचे काम समज वाढवण्याचे आहे.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरमधल्या अमावास्येच्या आसपास कॅमेरा गावाकडच्या घरी न्यावा. फज्रच्या दीड तास आधी मुलांना उठवून पूर्वेकडे तोंड करून बसवावे. त्या वेळी आभाळ मोकळे असेल, तर दोन्ही पहाटा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील, इन्शाअल्लाह.