लेकरांच्या बुटाचे माप

वर्षावासात सायंकाळी विहारात ग्रंथवाचन सुरू असते तेव्हा बाहेरच्या पायऱ्यांवर चपला-बुटांची रांग लागते. सिंदेवाहीतील आमच्या वस्तीत अशाच एका सायंकाळी आम्ही लेकरांचे बूट जरा निरखून पाहिले. एकाच्या पुढच्या टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. दुसऱ्याची टाच आत दाबून पार चपटी झालेली. बूट लहान पडू लागला म्हणून मुलाने त्याचीच चप्पल करून टाकली होती. तिसऱ्या जोडीतला एक पाय एका बुटाचा, दुसरा भलत्याच बुटाचा. वाचन संपल्यावर मुलांचे पाय पाहिले, तर कुणाच्या अंगठ्याचे नख मांसात रुतलेले, कुणाच्या करंगळीवर घट्टा, कुणाच्या टाचेवर फुटलेला फोड. दुखते का, असे विचारले तेव्हा बहुतेकांनी मान हलवून नाही म्हटले.

लहान मुले बूट टोचतो म्हणून सहसा सांगत नाहीत, आणि आईबापांची फसगत इथेच होते. वाढत्या वयात पायाची हाडे पुरती टणक झालेली नसतात, काही भाग अजून कुर्चेचाच असतो. घट्ट बुटात बोटे मुडपली तरी पाय निमूट त्या आकाराचा होतो आणि फारसे दुखतही नाही. म्हणून मुलाच्या तोंडाकडे पाहण्यापेक्षा मोजाकडे पाहावे. अंगठ्याशी मोजा पुन्हा पुन्हा फाटत असेल, बूट काढल्यावर पायावर लाल वळ दिसत असतील, किंवा शाळेतून येताना लेकरू बूट हातात घेऊन येत असेल, तर बूट लहान झाला असे समजावे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. एका आईने आम्हाला सरळ सांगितले, "दोन वर्स तरी चालले पायजेत ना जी." तिचे म्हणणे खोटे नाही. धानाच्या रोवणीच्या मजुरीतून बूट घ्यायचे तर ते टिकायला हवेतच. पण दोन नंबर मोठा बूट घेतला की पाय आत घसरतो, टाच घासते, आणि बूट पायातून निसटू नये म्हणून मूल बोटे आकडून चालते. पुढे बोळा कोंबला की बोटांची जागाच जाते. मग तो बूट मोठा घेऊनही लहान बुटाचेच काम करतो.

पाय किती वाढतो याचा साधारण हिशोब असा. चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंत पाय महिन्याला सुमारे दीड मिलिमीटर वाढतो. तीन ते सहा या वयात महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. पुढे वर्षाला साधारण एक सेंटीमीटर धरावा. म्हणून सर्वांत लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटीमीटर जागा ठेवावी. शाळकरी मुलाला तेवढी जागा आठ-दहा महिने पुरते. दोन वर्षे पुरणारा बूट वाढत्या मुलासाठी नसतोच. हे ऐकायला कडू आहे, पण खरे आहे.

दुकानातल्या नंबरावर फार विसंबू नये. आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासून इंग्लंडचेच माप चालत आले आहे. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. शिवाय लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि मग पुन्हा १ पासून सुरू होतात. '१३ नंबर झाला, आता १४ द्या' असे म्हणणारा बाप दुकानात हसण्यावारी जातो, पण चूक त्याची नाही, मापाची आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने अलीकडे देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा आपले पाय सर्वसाधारणपणे युरोपीय लोकांच्या पायांपेक्षा रुंद निघाले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली आहे. आपल्या लेकरांच्या करंगळ्यांवर घट्टे का येतात, याचे एक उत्तर या रुंदीत आहे. लांबीला बरोबर आलेला बूट रुंदीला आवळत असेल तर तो घेऊ नये.

माप घरीच घ्यावे. सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगतो. भिंतीलगत जमिनीवर कागद ठेवावा, त्यावर मुलाला मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे करावे. बसवून घेतलेले माप कमी भरते. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा पाय धरावा. आता पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी त्या लांबीपेक्षा एक सेंटीमीटर जास्त कापावी. ही पट्टी बुटात टाचेपासून सरकवली की काम झाले. पट्टी वाकली तर बूट लहान. पुढे आणखी बोटभर जागा राहिली तर बूट मोठा. रुंदीसाठी त्याच कागदावर पायाची कड आखून घ्यावी आणि बुटाचा तळ त्यावर ठेवून पाहावा. कड बाहेर उरली तर बूट अरुंद.

या पट्टीचा खरा उपयोग कुणाला होतो? आपल्या भागातून अनेक आईबाप मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि लेकरे आजीजवळ राहतात. परत येताना तिकडच्या बाजारातून अंदाजाने बूट आणले जातात, आणि ते घालून पाहायला मूल समोर नसते. दोन-तीन महिन्यांत पाय दोन-तीन मिलिमीटर वाढलेला असतो, तेवढी वाढ पट्टीतल्या जादा सेंटीमीटरमध्ये बसते. निघताना पट्टी कापून, तीवर मुलाचे नाव व तारीख लिहून पिशवीत टाकावी. नुसती पट्टी हरवली तर आजी फोनवरून सेंटीमीटर सांगू शकते.

थोरल्याचे बूट धाकट्याला देण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र आधी तळ पाहावा. टाच एकाच बाजूने झिजली असेल किंवा आतल्या तळव्यावर थोरल्याच्या बोटांचे खड्डे पडले असतील, तर धाकट्याचा पाय त्याच खड्ड्यात बसतो. असा बूट देऊ नये. आणि चालायला न लागलेल्या बाळाला बुटांची गरज नसते. घरातल्या स्वच्छ जमिनीवर अनवाणी चालणेच त्याच्या पायाला चांगले. पाच-सहा वर्षांपर्यंत तळवा सपाट दिसतो, त्याचीही काळजी करू नये.

घराबाहेर मात्र अनवाणी नको. ओल्या मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या तळव्याच्या व बोटांमधल्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. आधीच रक्त कमी असलेल्या मुलाला हे परवडत नाही. अंगणवाडीत व शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी म्हणून चुकवू नये. पहाटे मोहफुले वेचायला लेकरू सोबत येत असेल तर बंद बूट घालावेत, कारण सापाचे बहुतेक दंश गुडघ्याखालीच होतात. बूट घालण्यापूर्वी ते झटकावेत, आत विंचू बसलेला असतो. दंश झालाच तर आवळून बांधणे, चिरा देणे, झाडफूक यात वेळ न घालवता १०८ ला फोन करून ग्रामीण रुग्णालय गाठावे.

सिकलसेलबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण विदर्भातील आपल्या समाजात हा आजार बराच आहे. सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बाळाचे पंजे अचानक सुजले, बोटे फुगली, बाळ पाय टेकवेना झाले, तर चप्पल घट्ट झाली म्हणून नवी आणायला धावू नये. ती सिकलसेलची पहिली खूण असू शकते. रक्ताची तपासणी करून घ्यावी. सिकलसेल असलेल्या मोठ्या मुलांना घोट्याजवळ जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. अशा मुलाच्या बुटाची वरची कड घोट्याला घासता कामा नये. लहानसा फोडसुद्धा घरी हळद लावून न ठेवता दवाखान्यात दाखवावा.

शाळेच्या बुटांचे पाहू. २०२३-२४ पासून सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट व दोन जोडी पायमोजे देण्याचे शासनाने ठरवले. त्यासाठी दर मुलामागे १७० रुपये धरले गेले. एवढ्यात कसला बूट येतो, हे बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. आमच्या पाहण्यातील एका शाळेत तर इयत्तेप्रमाणे नंबर वाटले गेले. म्हणजे पाचवीतल्या सगळ्यांना एकच माप, मग पाय कसाही असो. उंच मुलींचे फार हाल झाले. मुलींचा पाय मुलांपेक्षा आधी वाढतो, हे कुणी लक्षातच घेतले नव्हते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. खरेदी होण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे सेंटीमीटरमधले माप नावानिशी लिहून द्यावे आणि त्या यादीची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

पाटलाच्या घरासमोरून जाताना जोडे हातात घ्यावे लागत, हे आमच्या आजोबांनी सांगितलेले आम्हाला आठवते. म्हणून १४ एप्रिलच्या मिरवणुकीत लेकराच्या पायात चकचकीत बूट घालण्याचा आईबापांचा हट्ट आम्हाला समजतो. ते बूट चावतही नसावेत, एवढेच आमचे म्हणणे. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १५-१६ ऑक्टोबरला जायचे असेल तर नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. आठ दिवस आधीपासून रोज तासभर घरात घालून चालवावे.

आम्ही विहाराच्या भिंतीला मोजपट्टी चिकटवली आहे. कपाटात कोरे कागद, पेन्सिल, कात्री आणि जुन्या वह्यांचे पुठ्ठे ठेवले आहेत. दर तिसऱ्या पौर्णिमेला वंदनेनंतर मापे घेऊन वहीत लिहितो. मुलांना मोजे घालून आणावे.