फेल्टच्या हॅटची पारख

एखाद्या मोठ्या शहरांतील टोपीवाल्याच्या दुकानांत दोन हॅट शेजारीं शेजारीं मांडलेल्या असतात. रंग तोच, घाट तोच, भोंवतालची रेशमी फीतही तीच; किंमत मात्र एकीची दुसरीच्या तिप्पट-चौपट. गिऱ्हाईक बुचकळ्यांत पडतें आणि दुकानदार मंद हसतो. स्वस्त घ्यावी तर फसगतीची धास्ती, महाग घ्यावी तर उधळपट्टीची. या पेचांतून सुटण्याचा मार्ग एकच. तो म्हणजे वस्तु कशाची व कशी झाली हें जाणून घेणें.

घोंगडी विणतात, फेल्ट, म्हणजे नमदा, विणीत नाहींत. लोकरीच्या अथवा फरच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि दाब यांचा संयोग झाला कीं हे तंतु एकमेकांत सरकत जातात आणि खवल्यांच्या योगानें अडकून बसतात. अशा रीतीनें ताण्याबाण्यावांचून वस्त्र सिद्ध होतें. मेंढीच्या लोकरीचा नमदा स्वस्त, पण जाड व सैल. तो पावसांत भिजला कीं त्याचा आकार लवकर बिघडतो. ससा, रानससा व बीव्हर यांच्या कातड्यावरील लांब, राठ केंस वगळून खालची मऊ लव तेवढी घेतली, तर तिचा नमदा पातळ, घट्ट व चिवट होतो. हाच फर-फेल्ट. किंमतींतील तफावतीचें मुख्य कारण हेंच होय.

बीव्हर हा ओढ्यानाल्यांना बांध घालून राहणारा प्राणी. १७ व्या व १८ व्या शतकांत युरोपांतील श्रीमंतांच्या मस्तकावर त्याच्याच लवेची हॅट शोभत असे. युरोपांतले बीव्हर दुर्मिळ होतांच व्यापारी उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत शिरले. १६७० सालीं स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीचा मुख्य माल म्हणजे बीव्हरचीं कातडीं. पुढें १९ व्या शतकांत उंच रेशमी हॅटची चाल पडली, तेव्हां कोठें या प्राण्यावरील संकट थोडें हलकें झालें. एका फॅशनीनें जीव घेतले, दुसरीनें वांचविले. दोन्ही वेळां दुकानांतील गिऱ्हाइकाला त्याची वार्ताही नव्हती.

हॅट बनविण्याची रीत मनोरंजक आहे. पूर्वीं कारागीर ही लव मोठ्या धनुष्याच्या तातीनें पिंजीत. पिंजाऱ्याचें काम ज्यानें पाहिलें आहे त्याला हें निराळें सांगावयास नको. पुढें यंत्रें आलीं. भोकें पाडलेल्या फिरत्या शंकूच्या आंतून हवा ओढून घेतात. त्यामुळें वरची लव त्यावर पातळ थरानें बसते. हा थर कढत पाण्यानें भिजवून व दाबून आटवितात. मूळचा शंकु भला मोठा असतो. आटत आटत तो डोक्यापुरता उरतो. त्याला ताठपणा यावा म्हणून पुष्कळदां चपडा लाख देतात. ही लाख छोटा नागपूरच्या रानांतून दूरदेशीं जात असे, तेव्हां साहेबाच्या हॅटचा ताठा कांहीं अंशीं हिंदुस्थानी होता असें म्हणण्यास हरकत नाहीं! शेवटीं लांकडी ठोकळ्यावर चढवून आकार देतात आणि बारीक घासकागदानें पृष्ठभाग मखमलीसारखा करतात.

या सुंदर वस्तूची एक काळी बाजू आहे. सशाची लव सहजासहजीं आटत नाहीं; म्हणून १८ व्या शतकांत तिला पारा व नत्राम्ल यांचें द्रावण लावण्याची पद्धत रूढ झाली. या क्रियेनें लवेचीं टोकें गाजराच्या रंगाचीं होत. कोंदट कारखान्यांतील वाफेबरोबर तो पारा कामगारांच्या फुप्फुसांत जाई. हातांना कांपरें भरे, हिरड्या सुजत, दांत पडत; स्वभाव चिडखोर व भित्रा होई, स्मृति जाई. अमेरिकेंतील डॅनबरी हें हॅटच्या धंद्याचें गांव. तेथें या व्याधीला गांवाच्याच नांवानें ‘डॅनबरीचें कांपरें’ म्हणत. हॅटवाला वेडा अशी इंग्रजींत म्हणच आहे. लुई कॅरोलच्या १८६५ सालच्या गोष्टींतील हॅटवाला प्रसिद्धच आहे, पण म्हण त्याहून जुनी. अखेर १९४१ सालीं अमेरिकेंतील कारखान्यांनीं पारा सोडला व दुसरीं रसायनें घेतलीं. म्हणून त्या काळापूर्वींची जुनी हॅट कोणी हौसेनें विकत घेतल्यास तिला घरीं वाफ देऊं नये व मुलांच्या हातीं खेळावयास देऊं नये. तिच्यांत पारा शिल्लक असूं शकतो.

आतां निवडीविषयीं. प्रथम आंतील पट्टीवर काय छापलें आहे तें वाचावें. नुसतें ‘फेल्ट’ लिहिलें असेल तर तें कशाचें हें विचारावें. इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या अनेक खुणांनीं भुलून जाऊं नये. प्रत्येक कारखान्याचें माप निराळें असतें. कड हलकेच वांकवून सोडावी. चांगला फर-फेल्ट सुरकुती न पडतां पूर्ववत् होतो. हाताला तो मऊ व सर्वत्र सारख्या जाडीचा लागला पाहिजे.

माप घेतांना फीत कपाळाच्या मध्यावरून व कानांच्या किंचित् वरून फिरवावी. घट्ट हॅटनें कपाळावर तांबडा वळ उठतो व डोकें दुखतें. सैल हॅट वाऱ्याच्या स्वाधीन होते. चेहरा लांबट असल्यास माथा बेताच्या उंचीचा व कड रुंद असावी. चेहरा वाटोळा असल्यास माथा थोडा उंच असावा. ठेंगण्या व्यक्तीला फार रुंद कड छत्रीसारखी दिसते. आरसा नेहमीं पायांपर्यंतचा पाहावा, कारण हॅट नुसत्या तोंडावर नव्हे, सबंध आकृतीवर शोभावयाची असते.

स्त्री-पुरुषांच्या हॅटमधील भेद वाटतो तितका जुना नाहीं. ‘फेदोरा’ ही आज पुरुषी समजली जाणारी हॅट. तिचें नांव १८८२ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर आलेल्या सार्दूच्या नाटकावरून पडलें, आणि त्यांतील नायिकेची भूमिका सारा बर्नार्ड या नटीनें केली होती. १९२० नंतरच्या दशकांत घंटेच्या आकाराची ‘क्लोश’ लोकप्रिय झाली. ती कपाळावर खालपर्यंत ओढून घालावयाची, म्हणून आंखूड केंसांवरच बसे. अंबाडा घालणाऱ्या स्त्रीनें केंस नेहमींसारखे बांधूनच माप द्यावें. नाहींतर दुकानांत बसलेली हॅट घरीं आल्यावर अंबाड्यावर तरंगूं लागते.

हॅट माथ्याची चिमट धरून उचलूं नये. तेथेंच ती प्रथम फाटते. कडेला धरावी व ठेवतांना माथा खालीं करून ठेवावी. भिजल्यास आंतली पट्टी बाहेर उलटून सावलींत वाळवावी. चुलीजवळ नेऊं नये. मऊ कुंचल्यानें लवेच्या दिशेनें झाडावी आणि कसरीपासून जपावी.

मुंबईच्या उकाड्यांत फेल्टची हॅट म्हणजे डोक्याला शिक्षाच; तिचें खरें स्थान थंड प्रदेशांत. तेथें राहणाऱ्यानें वर्षाला एक स्वस्त हॅट घेऊन टाकून देण्यापेक्षां एकच चांगली घ्यावी व वर्षानुवर्षें वापरावी. ज्या वस्तूसाठीं मुक्या प्राण्यांनीं कातडें दिलें आणि कारागिरांच्या पिढ्यांनीं हातांतलें बळ दिलें, ती जपून वापरण्यांतच घेणाऱ्याची खरी रसिकता दिसते.