आधी कूड लिंपा, मग सरपण मोजा

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचे वारे सुरू झाले की नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या डाब परिसरात, तोरणमाळच्या पठारावर, कधीकधी गवतावरचे दवही गोठते. इथल्या पाड्यांवर घर गरम ठेवते ती चूल. म्हणून हिवाळ्याची तयारी म्हणजे सरपण रचणे, असेच धरून चालले जाते. हा क्रम उलटा हवा. आधी भिंत, मग लाकूड. बांबूच्या कुडावरचे शेणामातीचे लिंपण पावसाने ठिकठिकाणी धुऊन गेलेले असते. तापलेली हवा वर चढून कौलांतून निसटते आणि तिच्या जागी बाहेरची गार हवा कुडाच्या तळच्या फटींतून, नेमकी माणसे झोपतात त्या उंचीवर, आत ओढली जाते. जाळ वाढवला की ही ओढही वाढते. लाकूड जास्त जळते आणि पाठ गारच राहते.

फटी बुजवल्या तर घर धुराने भरेल, ही शंका अगदी रास्त आहे. लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण फुफ्फुसांत खोलवर जातात, आणि धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही; रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. म्हणूनच कूड सगळा बंद करायचा नाही. खालचा भाग लिंपायचा, आढ्याजवळची वाट मोकळी ठेवायची आणि जाळाला लागणारी हवा यायला चुलीजवळ, अंथरुणांपासून दूर, एक झरोका ठेवायचा. धुराडे असेल तर त्यातली काजळी थंडीआधीच काढायची. झोपताना निखारे बाहेर न्यायचे, हे मात्र कितीही गारठा असला तरी सोडू नये. धुराने आढ्याला टांगलेली मक्याची कणसे टिकतात, बांबूला कीड लागत नाही, हेही खरे. पण त्यासाठी धूर आढ्याला हवा, लेकराच्या नाकाशी नको. गॅस आल्यावर चूल सुटेल, असेही कुणी म्हणेल. 2016च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर घरोघर पोहोचवले, पण गॅसवर भाकरी होते, रात्र काढता येत नाही.

हे सगळे ऊबेच्या सुखापुरते नाही. भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसल्या की कोयत्यासारख्या वाकलेल्या पेशी अडकून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. कमी वजनाच्या बाळाला तर अंगातली ऊब धरताच येत नाही. अशा घरात बाज आधी त्या फटीपासून हलवावी. लिंपण मात्र ऊन कडक असतानाच, मका घरात आल्या आल्या उरकावे. ओली भिंत वाळताना घरातलीच ऊब शोषते, त्यामुळे डिसेंबरात हात घातला तर पहिले काही दिवस गारठा वाढतो.