एकच 'बार', घरं अनेक

आटपाडीत 'बार कधी धरताय?' विचारलं तर डाळिंबाचं उत्तर मिळतं. 'बार कधी उडवताय?' म्हटलं की लग्नाची तारीख कळते. पारावर 'बार भरला' म्हणजे गालात तंबाखू गेली. अक्षरं दोनच, पण नेमका कोणता बार ते शेजारचं क्रियापद सांगतं.

दांड्याचा बार

इंग्रजी बार जुन्या फ्रेंचमधून आला. अर्थ अडसर, आडवा दांडा. न्यायाधीशांसमोरचा कठडा तो बार. त्यावरूनच बॅरिस्टर आणि साताऱ्याच्या कोर्टातली बार रूम. गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्यामध्ये आडवा आलेला ओटाही बारच. महामार्गावरच्या पाटीवर त्याला 'परमिट रूम' जोडलेलं असतं, कारण १९४९च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो. १९१०मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या परिसरात लेथवर चढणारा राउंड बार मात्र मूळ अर्थ जपून आहे: साधा लोखंडी दांडा.

वजनाचा बार

फवारणी पंपाच्या काट्यावरचा बार वेगळ्या घरचा. ग्रीक 'बारोस' म्हणजे वजन. बॅरोमीटर त्याचाच भाऊ. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण एक बार असतो.

फारसीकडून आलेले

बागेतला बार म्हणजे बहार, फारसीतला वसंत. आपल्याकडे तो वर्षातून तीनदा येऊ शकतो: मृग, हस्त आणि आंबे. त्यातला एकच धरायचा. पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, छाटणी करून मग पाणी सोडायचं. उघड्या फांद्यांवर कोवळी पालवी आणि लाल कळी दिसेपर्यंत शेतकऱ्याचा जीव थाऱ्यावर नसतो. हा शब्द मला सगळ्यांत जवळचा, कारण त्यात एका घराचं अख्खं वर्ष असतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद ज्या पोत्यात भरतात, त्या बारदानातला 'बार' पुन्हा फारसीच. पण त्याचा अर्थ ओझं.

बोरीचा बार

बंदुकीत दारू ठासली की बार भरतो, उडाली की बार होतो. असाच बार शिव्यांचाही उडतो. खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड या गावांमध्ये ओढा आहे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बाया काठावर जमतात. हलगी कडाडते, पदर खोचले जातात, हात नाचवत शिव्यांचा भडिमार सुरू होतो. कुणी पाण्यात उतरून पलीकडे झेपावू लागली, तर मागच्या बाया तिला ओढून धरतात.