'कशावरून?' : पोर्तुगालच्या ओ'नील घराण्याची वंशावळ कशी तपासायची

"पोर्तुगालच्या उमराव घराण्यांत एक आयरिश राजवंशही आहे." लिस्बनबद्दल वाचताना हे वाक्य तुम्हाला कुठे ना कुठे भेटतंच. घराणं ओ'नील, शाखा क्लानबॉय. विसाव्या शतकातले प्रसिद्ध पोर्तुगीज कवी अलेक्झांद्रे ओ'नील याच घराण्यातले.

आता समजा, हे वाक्य तुम्ही थिसिसमध्ये लिहिलंत. गाईडचा पहिला प्रश्न काय असेल? "कशावरून?" आजची पोस्ट या एका प्रश्नाबद्दल आहे. तुमचा विषय इतिहास नसला तरी वाचा, कारण पद्धत सगळीकडे तीच लागते.

पायरी १ : दाव्याचे तुकडे करा

दिसायला ते एकच वाक्य आहे, पण त्यात चार वेगळे दावे दडलेले आहेत.

(अ) अल्स्टरमध्ये क्लानबॉय नावाची ओ'नीलांची सत्ताधारी शाखा होती.
(आ) त्या शाखेची सत्ता गेली.
(इ) तिचाच एक वंशज लिस्बनला आला.
(ई) त्याचे वंशज पोर्तुगीज उमरावांत सामावले.

चारांपैकी तीन पक्के असले म्हणून चौथा आपोआप पक्का होत नाही. प्रत्येकाला स्वतःचा पुरावा लागतो.

पायरी २ : सोपे दुवे आधी उरका

(अ) सोपा आहे. क्लानबॉय म्हणजे 'पिवळ्या केसांच्या ह्यूची संतती'. हा ह्यू, म्हणजे आयरिश भाषेत ऑध बुई, १२८३ मध्ये वारला. त्याच्या वंशजांनी पुढे आजच्या अँट्रिम आणि डाउन या भागांत राज्य केलं.

(आ) बाबतही वाद नाही. १५७४ मध्ये एसेक्सच्या अर्लने बेलफास्टला मेजवानीच्या वेळीच क्लानबॉयच्या ब्रायन ओ'नीलला पकडलं आणि पुढे ठार करवलं. सतराव्या शतकात अल्स्टरच्या जमिनी हातोहात बदलल्या. १६९१ च्या लिमरिक तहानंतर हजारो आयरिश कॅथलिक सैनिक युरोपात गेले.

(ई) साठी तर अनेक नोंदी आहेत. त्यातली मला सर्वांत आवडणारी नोंद परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची. ते १८६६ मध्ये पोर्तुगालला गेले आणि लिस्बन व सेतुबाल इथे ओ'नील बंधूंच्या घरी राहिले. हे बंधू लहानपणी कोपनहेगनला राहिले होते, तेव्हापासूनची ओळख. अँडरसनना कुणाची वंशावळ सिद्ध करायची नव्हती. म्हणूनच घराण्याच्या राहणीबद्दल आणि प्रतिष्ठेबद्दल त्यांची साक्ष जास्त मोलाची.

पायरी ३ : कच्चा दुवा ओळखा

खरी मेहनत (इ) मध्ये आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास जुवांव ओ'नील हे तेजो नदीच्या दक्षिण काठावर, आल्माडाजवळ, वाइनच्या व्यापारात होते. आयरिश कॅथलिकांना लिस्बन परकं नव्हतं. तिथे १५९० पासून आयरिश कॉलेज होतं, १६३९ पासून आयरिश डॉमिनिकन जोगिणींचा मठ होता. त्यामुळे एखादा ओ'नील तिथे येणं अगदी शक्य आहे. पण 'शक्य आहे' आणि 'हाच तो वंशज' यांत बरंच अंतर आहे. अल्स्टरमध्ये ओ'नील आडनावाची माणसं थोडी नव्हती!

शिवाय दोन्ही टोकांना कागदांचा नाश झालाय. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि आगीत लिस्बनमधल्या अनेक चर्चच्या नोंदी गेल्या. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर जळालं. म्हणजे कागद सापडला नाही, एवढ्यावरून 'असं घडलंच नाही' म्हणता येत नाही. पण त्याच आगीच्या आडोशाने 'म्हणजे घडलंच असणार' असंही म्हणता येत नाही. नोंदी नष्ट झाल्या की दोन्ही बाजूंची खात्री कमी होते, एकाच बाजूची नाही.

पायरी ४ : मान्यता म्हणजे पुरावा नव्हे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज ओ'नील यांनी आपली वंशावळ लंडनच्या कुलचिन्ह-अधिकाऱ्यांकडे सादर केली आणि ती मान्य झाली. पुढे आयर्लंडच्या वंशावळ कार्यालयानेही क्लानबॉयच्या ओ'नीलांना कुलप्रमुखांच्या यादीत घेतलं. मग झालं की सिद्ध?

थांबा. याच कार्यालयाने 'मॅकार्थी मोर' या दुसऱ्या एका कुलप्रमुखपदालाही मान्यता दिली होती. तो दावा खोटा निघाला आणि १९९९ मध्ये ती मान्यता काढून घ्यावी लागली. २००३ मध्ये अशी मान्यता देण्याची पद्धतच बंद झाली. यावरून ओ'नीलांचा दावा खोटा ठरत नाही, ती चूक करू नका. ठरतं एवढंच, की शिक्का बघून थांबायचं नाही. शिक्का मारणाऱ्याने कोणते कागद पाहिले, ते आपणही पाहायचे.

कास्काइशचा वाडाही असाच वाचायचा. जॉर्ज ओ'नील यांनी तो १९०० च्या सुमारास बांधला, १९१० मध्ये विकला. १९३१ पासून तिथे संग्रहालय आहे. त्याच्या सजावटीत आयर्लंडचं तीन पानांचं क्लोव्हर दिसतं. त्यातून १९०० साली घराणं स्वतःला काय समजत होतं हे कळतं. १७५० पूर्वी काय घडलं, हे नाही.

'डीएनए तपासला की संपलं ना?'

नाही. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे दोन पुरुषांचा सामाईक पूर्वज होता का, हे सांगता येतं. पण तो नेमका कोण, आणि मधल्या पिढ्या कोणत्या, हे त्यातून कळत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या २००६ च्या अभ्यासात आयर्लंडच्या वायव्य भागात साधारण पाचातल्या एका पुरुषात एकच वाय-ठसा सापडला. एवढा पसरलेला ठसा एका शाखेची ओळख पटवायला पुरत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

सिनॉप्सिसमधलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य घ्या आणि चार रकाने आखा : दुवा, पुरावा, तो पुरावा कधीचा, आणि तो देणाऱ्याचा त्यात काय फायदा. एखाद्या ओळीत दुसरा रकाना रिकामा राहिला, तर तो भरण्याची घाई करू नका. बहुतेक वेळा तुमचा खरा संशोधन-प्रश्न त्याच ओळीत असतो. ओ'नीलांच्या बाबतीत तो (इ) मध्ये आहे.