मुळांची पेये आणि रुचीचे शब्द

‘रूट बीअर’ या अमेरिकी पेयाच्या नावातील दुसऱ्या शब्दाने वाचकांनी दचकण्याचे कारण नाही. मुळे व साली यांचा अर्क, साखर आणि कोंडलेला वायू यांपासून केलेले ते एक गोड पेय होय. आज बाजारात मिळणाऱ्या त्याच्या बहुतेक प्रकारांत मद्यार्क नसतो. चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्याने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ते लोकांपुढे मांडले. त्याच्या मनात प्रथम ‘मुळांचा चहा’ असे नाव होते, परंतु खाणकामगार चहाला शिवणार नाहीत म्हणून त्याने चहाची बीअर केली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, नावामुळे जिभेची अपेक्षा बदलते एवढे तीवरून ध्यानी यावे.

गेल्या उन्हाळ्यात या पेयाचा एक डबा परदेशस्थ आप्ताबरोबर अंबड तालुक्यातील आमच्या घरी आला. त्या निमित्ताने आम्ही चार पेये शेजारी शेजारी ठेवून चाखली: हा डबा, मदुराईहून आलेले ‘नन्नारी’चे सरबत, जालन्याच्या बाजारातील काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या उपळसरीचे घरी केलेले पाणी, आणि वाळ्याचे पाणी. चाखणारे चौघे होतो: माझी आत्या, बारा वर्षांची भाची, पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी आणि मी. याला प्रयोग म्हणणे धाडसाचे होईल. कोणी कोणता शब्द वापरला एवढेच मी टिपून ठेवले.

प्रथम उपळसरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. संस्कृत ‘उत्पलसारिवा’ या नावातील ‘त्प’चा प्राकृतात ‘प्प’ झाला. मराठीत तो एकेरी उरला. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ झाला. आणि ‘सारिवा’ झिजून ‘सरी’ उरली. मराठीच्या ध्वनिनियमांचे इतके सरळ उदाहरण वर्गात सांगण्यास क्वचितच सापडते. अनंतमूळ हे त्याच वेलीचे नाव. युनानी वैद्यक तिला ‘उश्बा हिंदी’ म्हणते. तेलुगूत ती ‘सुगंधी’ आहे. मदुराईची नन्नारी हीही तीच. म्हणजे आमच्यापुढील चार पेल्यांपैकी दोहोंत एकच मूळ होते, परंतु हे मी अगोदर कोणास सांगितले नव्हते.

इंग्रजांनी या वेलीस ‘इंडियन सार्सापरिला’ म्हटले आणि तेव्हापासून घोटाळा सुरू झाला. ‘सार्सापरिला’ हा मूळचा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ साधारणपणे ‘काटेरी वेल’ असा होतो. अमेरिकेतील ती वनस्पती आपल्या घोटवेलीच्या आणि चोपचिनीच्या जातीची, एकदल वर्गातली आहे. उपळसरी द्विदल आहे, तिला काटे नाहीत आणि तिचे कुळ रुईचे आहे. औषधी उपयोगाच्या साम्यामुळे नाव उसने आले. परंतु एकदा का दोन शब्द समोरासमोर बसले, की विद्यार्थी त्यांना एकच वस्तू समजू लागतो. ज्यास उपळसरी व सार्सापरिला यांच्या चवींची तुलना करावयाची आहे, तो एकाच वस्तूची तिच्याशीच तुलना करीत आहोत असे समजून बसतो.

पाणी करण्याची रीतही येथे नोंदविण्यासारखी आहे. मुळे धुऊन ठेचावी, आतला लाकडासारखा गाभा टाकून द्यावा आणि साल रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवावी. वास मुख्यतः सालीत असतो आणि तो उडून जाणारा असल्याने काढा उकळला की घरभर दरवळतो. पेल्यात मात्र थोडाच उरतो. आयुर्वेदात थंड पाण्यात भिजविलेल्या अशा कल्पास ‘हिम’ आणि उकळलेल्यास ‘क्वाथ’ म्हणतात. हा भेद निदान या मुळापुरता नाकालाही पटतो.

आता शब्द. अमेरिकी पेयाचा घोट घेऊन विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे पोटात घ्यायचं की गुडघ्याला लावायचं?” आत्याने केवळ ‘औषध’ म्हणून पेला खाली ठेवला. उपळसरीचे पाणी पिऊन भाची म्हणाली, “मामा, बिस्किटासारखं लागतं.” नन्नारीबद्दलही तिचा हाच शब्द होता, फक्त पुढे ‘फार गोड’ अशी जोड होती. वाळ्याला आत्याने दिलेला निकाल मला सर्वांत मार्मिक वाटला: “ह्याला चव नाही, नुसता वास आहे. माती भिजल्यावानी.” (बाजारातील खसच्या सरबताचा हिरवेपणा मुळाचा नव्हे, रंगाचा असतो, हेही तिला पाण्याकडे पाहूनच कळले.)

ही विधाने वरवर पाहता बालिश वाटतील. परंतु रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूचे आहे. उपळसरीच्या मुळाचा वास ज्या द्रव्याने येतो, ते व्हॅनिलातील व्हॅनिलिनचे समघटक आहे. अणू तेच, रचना तेवढी निराळी. बिस्किटात व्हॅनिलाचा अर्क घालतात. तद्वत्, पुष्कळशा रूट बीअरमध्ये ‘विंटरग्रीन’चा जो गंध असतो तो मिथिल सॅलिसिलेटचा, आणि सांधेदुखीच्या मलमांतही तेच द्रव्य वापरले जाते. जुन्या रूट बीअरमधील सॅसाफ्रास झाडाच्या सालीचा अंश मात्र आज तसा उरलेला नाही. तीतील सॅफ्रोल अपायकारक ठरल्यावरून १९६० साली अमेरिकेत ते खाद्यपेयांत घालण्यास मनाई झाली.

याउलट विद्येच्या शब्दांनी आम्हांस फसविले. निघंटूंत सारिवा मधुर व तिक्त सांगितली आहे. आमच्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत तिक्त म्हणजे ‘तिखट’ असे लिहून आणले होते आणि तो तीन वेळा घोट घेऊन तिखटपणा शोधीत राहिला. वस्तुतः संस्कृत ‘तिक्त’ म्हणजे निंबाची चव, मराठीत कडू. आणि संस्कृत ‘कटु’ म्हणजे मिऱ्याची चव, मराठीत तिखट. ‘कडू’ हा शब्द ‘कटु’पासूनच आला, परंतु येताना शेजारच्या रसात जाऊन बसला; ‘तिखट’ आला तो तीक्ष्णापासून, तिक्तापासून नव्हे. ज्या शब्दांचे रूप ओळखीचे वाटते त्यांच्या अर्थाविषयी अधिक सावध असावे लागते. पेल्याच्या तळाशी जो किंचित कडवटपणा जिभेला लागला, तोच निघंटूतील तिक्त होय.

आणखी एक गोष्ट. आंबट, खारट, तिखट, तुरट अशी ‘ट’कारान्त शब्दांची पंगत मराठीत रसांसाठी मांडलेली आहे, गोड आणि कडू तेवढे तिच्याबाहेर बसतात. गंधासाठी अशी पंगत नाही. खमंग, कुबट, उग्र असे काही शब्द आहेत खरे, परंतु ते एक तर आवडनिवड सांगतात, नाही तर विशिष्ट वस्तूंनाच लागू पडतात. मुळांच्या पेयांत तर भेद जवळजवळ सगळा गंधाचा! म्हणून चाखणाऱ्याला ‘-सारखे’ आणि ‘-वानी’ यांचा आधार घ्यावा लागतो. बोलीतील रुचिवाचक शब्द गोळा करणाऱ्यांनी या उपमांना शब्दसंग्रहाबाहेर ठेवू नये. उपमा कोणी दिली, त्याचे वय काय, त्याने त्यापूर्वी काय खाल्ले-प्याले होते, हे मात्र शेजारी लिहावे. आत्याने व्हॅनिलाचे बिस्कीट क्वचितच खाल्ले असेल. तिला उपळसरीत ‘वैद्याच्या घरातला वास’ आला, आणि तोही चूक म्हणता येत नाही.

उरलेली साल तिने संध्याकाळी माठात टाकली. दुसऱ्या दिवशी भाची त्या पाण्याला ‘बिस्किटाचं पाणी’ म्हणू लागली होती, आणि दुपारपर्यंत आत्याही तेच म्हणत होती.