दुकानातलं पिल्लू की सोडवलेलं गावठी?
बारामती-इंदापूरच्या तापत्या, कमी पावसाच्या पट्ट्यात कुत्रं पाळायचं, तर दुकानातल्या हस्कीपेक्षा रस्त्यावरून सोडवलेलं गावठी कुत्रंच घ्यावं. हस्कीची दाट, दुपदरी लव सैबेरियाच्या थंडीसाठी असते. गावठीची आखूड लव इथल्या उन्हाळ्याला सरावलेली. शिवाय २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे नियम न पाळता आईपासून लवकर तोडलेल्या, लस न दिलेल्या पिल्लाला पार्व्हो हा विषाणूजन्य आजार गाठू शकतो : उलट्या, रक्ताची हगवण, आणि उपचार लांबले तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. ‘रस्त्यावरचं कुत्रं चावेल’ ही भीती रास्तच आहे. पण वाढलेल्या कुत्र्याचा स्वभाव आणण्याआधी पारखता येतो, पिल्लाचा नाही. चार वेळा भेटा, मुलांना न्या, रेबीजची लस टोचून मगच घरी आणा.